खाली गाडी

खंडेनवमीला आठ दिवस असताना
आप्पानं गाडी मलप्रभेत घातली, अर्धी चाकं बुडेपर्यंत,
आणि नदी लाल झाली.
एकदा धुतली, दोनदा धुतली,
तिसऱ्यांदा फोंडू चेसीखाली घुसून सोड्यानं घासायला लागला,
तरी लालच.
पलीकडं धुणं आपटणाऱ्या बाया ओरडल्या,
"लुमाण्णा, गाडी धुतोस का बोकड कापतोस?"

एकतीस वर्षं कौलं वाहिली हिनं.
खानापूरच्या भट्टीवरून हल्याळ, कारवार,
चोर्ल्यातून खाली डिचोली.
कौलांचा भुगा तिच्या फटीफटीत,
आईच्या उशीत,
माझ्या चौथीच्या भूगोलाच्या वहीत.

बेळगावात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे,
पत्रक मीच आणलं होतं.
पहिलं बक्षीस: ढाल आणि दोन टायर.
ढालीचं आप्पानं ऐकलंच नाही.

नंदगडहून दस्तगीर पेंटर आला.
पत्रा खरवडत म्हणाला,
"ह्याच्याखाली हिरवा हाय, हिरव्याखाली निळा,
निळ्याखाली काय हाय ते तुलाच ठावं, लुमाण्णा."
आप्पा म्हणाला, "निळ्याखाली कर्ज हाय. तिथं थांब."
मग दोन मोर, एक गाय,
दिव्यांवर काजळ घातलेल्या भुवया.
देवीचं नाव पुढं कन्नडात, मागं मराठीत.
दस्तगीरला दोन्ही लिप्या चित्रासारख्या येतात,
बघून काढतो.
मागच्या 'प्रसन्न'मधला एक न राहिला.
"राहू दे," आई म्हणाली, "तिला कळतंय."

आईनं जुन्या इरकलीचे काठ कापून
केबिनला झालर लावली.
आरशाला गोंडा. बंपरला रेडियमची पट्टी.
उभी राहिली गाडी दारात
तर शेजारचं कुत्रं तिच्यावर भुंकलं,
जे रोज तिच्याच सावलीत झोपायचं.

रविवारी गर्लगुंजीच्या फाट्यापर्यंत फिरवून आणली.
रिकामी.
प्रत्येक खड्ड्याला मागची बाजू उडाली,
झालर लोंबली, आईचं डोकं टपाला लागलं.
आप्पाचे हात स्टेअरिंगवर असे
की जणू दुसऱ्याची गाडी मागून आणलीय.
घरी येईपर्यंत काही बोलला नाही.

रात्री मला आवाज आला, कच्च, कच्च.
बॅटरी दातात धरून आप्पा,
खाली फोंडू, एकेक कौल वर देत.
गवत पसरलेलं, ओळी लागलेल्या,
तीसेक वर्षांत हात चुकला नाही तशाच.
आठशे.
वरून नवी ताडपत्री, ताडपत्रीवर झेंडूच्या माळा.
मला बघून म्हणाला,
"कुणाला सांगू नको. खाली गाडी उडती."

देसूर, मच्छे, पिरनवाडी.
काय चालली!
मोरांची मान हलली नाही.

मैदानात बाकीच्या गाड्या धुतलेल्या ताटासारख्या.
एकाच्या हौद्यात तर गालिचा.
छातीला बिल्ला लावलेले दोघं आले,
भुवयांवर हसले, झालरीचा फोटो काढला,
मग एकानं ताडपत्रीचं टोक उचललं.
"हे काय? माल उतरवून यायचं असतं हो."
आप्पा चेकपोस्टवर उभा राहतो तसा उभा राहिला,
एक हात खिशात, कागद शोधत.
कागद नव्हताच ह्याचा.

टायर गोकाकच्या एका पाण्याच्या टँकरला गेले.

परत येताना पिरनवाडीत
एका स्कूटरवाल्यानं हात केला.
गोठ्यावर घालायला हवी होती त्याला कौलं.
वीस मिनिटं घासाघीस, सगळी कन्नडात,
आप्पाचा आवाज दिवसभरात पहिल्यांदा मोठा.
चौघांनी मिळून उतरवली.
मोराच्या गळ्यावर फोंडूचा तळहात उमटला,
पाची बोटं, लाल.

पुढं खानापूरपर्यंत गाडी उडत आली.
आई एका हातानं दांडी, दुसऱ्यानं झालर धरून.
दर खड्ड्याला कुठून तरी भुगा गळत होता,
नव्या रंगावर, आमच्या नव्या कपड्यांवर.
आप्पानं गिअर बदलला.
"अठराला एक," तो म्हणाला. "वाईट न्हाई."